तीन दारं, एक चूल

आजही कुणी फडक्यात बांधलेली भाकरी समोर ठेवली, की ते प्रकरण पहिल्यापासून डोळ्यांपुढे उभं राहतं. तेव्हा मी बारामती तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. सकाळची हजेरी झाली होती, चहा अजून यायचा होता, आणि चहाच्या आधी तक्रार घेऊन येणारा माणूस मला मुळीच आवडत नाही.

तक्रारदार एका सर्वेक्षण संस्थेचा पर्यवेक्षक होता. गावोगावच्या कुटुंबांना उत्पन्न विचारून त्या त्या भागाचा अंदाज बांधायचं त्यांचं काम. त्याचं म्हणणं, घरोघर जाऊन माहिती घ्यायला नेमलेल्या इंदापूरच्या एका मुलीनं घरबसल्या खोटी माहिती भरली. ऊस आणि दूध करणाऱ्या एका गावात तिनं जिथं एक सधन कुटुंब दाखवलं, तिथं तो स्वतः फेरतपासणीला गेला, तर तीन बेताची कुटुंबं निघाली. "साहेब, बनावट माहितीचा गुन्हा दाखल करा." मी अर्ज घेतला, डायरीला नोंद केली आणि आधी चौकशी करतो म्हणून सांगितलं.

मुलीला बोलावलं. संख्याशास्त्र शिकलेली, किरकोळ अंगाची, नोकरीला नवीन. महिला हवालदार शेजारी बसवून मी विचारलं, "एवढ्या एका घरानं असं काय बिघडतं गं?"

"बिघडतं, सर. गावातली घरं उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभी केली, तर बरोबर मधल्या घराचं उत्पन्न आम्ही धरतो. एखादा बडा बागायतदार असला तरी त्याच्यामुळं मधलं घर हलत नाही. पण आम्ही विचारतो मोजक्याच घरांना. त्यात एकाची तीन झाली, की मधलं घरच बदलतं."

"मग गावाचा खरा आकडा किती?"

"एकच आकडा नाही सांगता येणार, सर. सगळ्या घरांना कुठं विचारलंय? इथपासून इथपर्यंत कुठंतरी असेल, एवढंच खात्रीनं सांगता येतं."

इथं माझे कान टवकारले. खोटा साक्षीदार मिनिटासकट वेळ सांगतो. खरा डोकं खाजवतो आणि म्हणतो, "दिस मावळायच्या टायमाला असंल." ही पोरगी दुसऱ्या प्रकारातली होती.

पण त्या घरच्यांनी काय सांगितलं, ते मात्र तिनं सांगितलं नाही. "मी त्यांना शब्द दिलाय, सर. त्यांचं सांगणं कुणाकडे जाणार नाही."

"अगं बाई, गुन्हा दाखल झाला तर नोकरी जाईल. पुढं कुणी दारात उभं करणार नाही!"

डोळे भरले, पण तिनं शब्द मोडला नाही. मला राग आला, आणि खरं सांगतो, मायाही वाटली. माझ्या मुलीएवढीच होती ती.

दुसऱ्या दिवशी साध्या वेशात मी त्या गावी गेलो, तेही मुद्दाम जेवणाच्या वेळेला. माणसं प्रश्नाला तयार असतात, ताटावर बसल्यावर नसतात. तीन दारं, तीन वीजमीटर. घरातले थोरले, सगळे त्यांना तात्या म्हणत, बाहेर आले. "आमी तिघं भाऊ येगळं हाय, सायेब. तीन रेशनकार्डं हायती." बोलत बोलत मी दारांतून डोकावलो. मधल्या घरातल्या शेगडीवर कांद्याची पाटी, तिसऱ्यातल्या ओट्यावर शिलाई मशीन. आणि पहिल्या घरात थोरल्या वहिनी परातभर पीठ मळत होत्या, दोघी धाकट्या जावा भाकऱ्या भाजत होत्या.

"तात्या, वेगळे म्हणता, मग बाकीच्या दोन चुली कुठायत?"

तात्या ओशाळले. "येगळं ते कागदावर. त्यो सायेब गाडीतनं उतरला आन दारातनंच कार्डं मागितली. आमाला वाटलं, आता रेशन बंद करत्यात. पोरगी मातुर हितं चुलीपाशी बसली, भाकरी खाल्ली. तिला खोटं कसं सांगायचं?"

"तिनं ठाण्यात तुमच्याबद्दल एक शब्द काढला नाही. नोकरी जायची वेळ आली तरी."

वहिनींचा हात परातीत थांबला. जबाब द्यावा लागेल, आणि कार्डांची हमी मला देता येणार नाही, हेही मी स्पष्ट सांगितलं. जबाब न घेताच मी परत आलो.

सकाळी ठाण्यात पाहतो तर तिघे भाऊ बाकावर, मांडीवर गाठोडं. "लिवा सायेब. आमी एकच घर हाय. कार्डं जायाची तर जाऊ द्यात. पोरगी आमच्यापायी गप बसली, आन आमी तिचं वाटोळं हू द्यायचं व्हय?"

जबाब नोंदवला, वाचून दाखवला, सह्या घेतल्या, आणि पर्यवेक्षकाला व मुलीला बोलावून घेतलं. पर्यवेक्षक माणूस वाईट नव्हता. जबाब ऐकून वरमला, मुलीची माफी मागून तक्रार मागं घेतली. कार्डं पुढं भावांनी आपणहून तहसीलला जाऊन एक करून घेतली. "एवढं मला नक्की सांगता येत नाही" असं म्हणायची ज्याची तयारी असते, त्याच्या उरलेल्या शब्दावर बेलाशक विसंबावं, हे मला त्या पोरीनं शिकवलं.

ती मात्र त्या सकाळी सगळं मिटल्यावर रडली, अगदी हुंदके देऊन. तात्यांनी गाठोडं सोडलं. वहिनींनी तिच्यासाठी भाकरी आणि पिठलं धाडलं होतं.

"एका चुलीवरचं खात्यात ती एक घर, आसंच न्हवं तुझं, पोरी?"

"हो, तात्या."

त्यांनी अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली, अर्धी माझ्या. "मंग लिव. आमच्या घरात आता एक लेक हाय, आन एक पोलीस बी हाय."