चौथा पिकअप

अंबडच्या कारखान्यात धम्मपाल मोटारींच्या कॉइल भरतो. धाकटा भाऊ अश्विन भीमगीतांच्या पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. अशा गिटारीला तारांखाली पिकअप असतात, चुंबकाभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेले. अश्विनच्या गिटारीला तीन होते. त्याला चौथा हवा होता, पार दांडीला चिकटून, तोही तिरका. धम्मपालने तो घरीच गुंडाळून दिला. कारखान्यात भरलेली कॉइल वार्निशमध्ये बुडवतात, म्हणजे वेढे घट्ट बसतात. घरी वार्निश नव्हतं. तसाच बसवला.

ते सैल वेढे माणसाच्या आवाजानेही थरथरायचे. जवळ तोंड नेऊन बोललं की बोलणं स्पीकरमधून यायचं, विहिरीच्या तळातून आल्यासारखं.

"आण इकडे, घट्ट करतो," धम्मपाल म्हणाला होता.

"राहू दे ना दादा. माझ्या गिटारीला कान आलेत, तुझ्या पोटात का दुखतंय?"

त्र्यंबक रस्त्यावर मोटारसायकल घसरून अश्विन गेला, आणि तेव्हापासून त्यांची आई, लताबाई, रोज दुपारी स्पीकर लावून गिटार मांडीवर घेते. "जेवलास का रे?" स्पीकर तिचेच शब्द परत करतो, पण बारीक, तरुण, अश्विनच्या वळणाचे. ती समाधानाने मान हलवते. सुट्टीच्या दिवशी धम्मपाल तेवढा वेळ गल्लीत जाऊन उभा राहतो.

यंदा जयंतीला त्याची मुलगी साक्षी त्याच गिटारीवर वाजवणार होती. तालमीत आवाज वाढवला की सैल वेढ्यांमुळे चौथा पिकअप किंचाळायचा.

"पप्पा, सगळे कानांवर हात ठेवतात. काकाचा तो सूर मला हवाय, पण हे किंचाळणं थांबवा."

लताबाई बहिणीकडे मनमाडला गेली, तेव्हा धम्मपालने वंदनेच्या उरलेल्या मेणबत्त्या डब्यात वितळवल्या आणि वार्निशऐवजी त्या मेणाने वेढे घट्ट बसावेत म्हणून पिकअप आत सोडला. वेढ्यांमधून बुडबुडे निघत राहिले, कोणी राहून राहून श्वास सोडावा तसे. ते थांबेपर्यंत तो डोळे मिटून बसला.

साक्षीने वाजवून पाहिलं. गिटार स्वच्छ वाजली.

दुसऱ्या दिवशी लताबाई परतली. हातपाय धुऊन तिने गिटार मांडीवर घेतली. "जेवलास का रे?"

स्पीकर नुसता घुमत राहिला.

तिने पुन्हा विचारलं. दारात उभ्या धम्मपालला राहवेना. "जेवलो, आई."

"तुला नाही विचारलं," वळूनही न बघता ती म्हणाली, आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.