पिशवीसकट बसलो

“बाराशे मिली,” डॉक्टर म्हणाले. “गुरुजी, एवढं पोटात घेऊन तुम्ही जिना चढून आलात?”

आदल्या संध्याकाळपासून लघवीचा थेंब नव्हता. ओटीपोट दगडासारखं झालं होतं. गंगापूर रोडवरच्या त्या हॉस्पिटलात नळी घातल्यावर जे वाटलं त्याला सुख हा एकच शब्द आहे. ते दोन मिनिटं टिकलं. मग सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, “प्रोस्टेट वाढलंय. हे आजचं नाही. इतकी वर्षं काय करत होतात?”

इतकी वर्षं मी पाणी पीत नव्हतो.

मी गोदाकाठचा तीर्थपुरोहित, वय सदुसष्ट. संकल्प सोडला, बोटात दर्भाचं पवित्रक घातलं की मध्ये उठायचं नाही, हा माझा दंडक. उठलं की पवित्रक काढा, हातपाय धुवा, सोवळं बदला, पुन्हा आचमन करा, आणि तोवर यजमान ताटकळलेला. त्यापेक्षा पहाटे अर्धा कप चहा घ्यायचा आणि दुपारपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. साठीनंतर धार बारीक झाली. जानवं कानावर अडकवून मोरीत दहा-दहा मिनिटं उभा राहायला लागलो, तर पाणी आणखी कमी केलं. आमच्यातले बरेच जण हेच करतात आणि त्याला निष्ठा म्हणतात. शुद्ध मूर्खपणा आहे, दुसरं काही नाही.

त्यात सर्दी झाली. मेडिकलमधून विचारून गोळ्या आणल्या, दोन दिवस घेतल्या आणि लघवी ठप्प. ज्यांचं प्रोस्टेट वाढलेलं आहे त्यांनी सर्दीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मला हे नळी घातल्यावर कळलं, तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली गाठीसारखी ग्रंथी. लघवीची वाट तिच्या मधून जाते. ती सुपारीएवढी असावी, माझी चांगली लिंबाएवढी झाली होती. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी, वाढलेलं आलं. पीएसए ही कॅन्सरची शंका आहे का ते पाहणारी तपासणी. तिचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी बायकोवर, सुनंदावर, इतका खेकसलो की तिने माझ्याशी बोलणंच बंद केलं. पीएसए ठीक निघालं.

नळी काढून बघितली. चार तासांत पुन्हा तुंबलं, पुन्हा नळी, पुन्हा पिशवी. आता ऑपरेशनशिवाय गत्यंतर नव्हतं. त्याला टीयूआरपी म्हणतात. पोटावर चिरा देत नाहीत. लघवीच्या वाटेने दुर्बीण आत घालून वाढलेला भाग खरवडून काढतात.

मी डॉक्टरांना एकच गोष्ट बजावली. “माझ्या आईचं वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आहे. मी एकुलता एक. मला बसायचंय. त्याच्या आत ही पिशवी निघाली पाहिजे.”

“प्रयत्न करू,” डॉक्टर म्हणाले.

मग सुरू झाली फरफट. रक्त पातळ करणारी माझी रोजची गोळी आधी बंद करायची, म्हणून पाच दिवस गेले. हृदयाच्या डॉक्टरांचं ‘फिट आहे’ असं पत्र आणायचं, त्यात दोन गेले. शेवटी तारीख मिळाली. सकाळपासून उपाशी, हिरवा अंगरखा घालून, मांडीला पिशवी बांधून मी बाकावर बसलो. समोरच्या टीव्हीवर एक बाई पनीरच्या भाज्या करून दाखवत होती. प्रत्येक जण यायचा आणि विचारायचा, “काका, तुमची फाइल कुठंय?” अहो, ती तुमच्याचकडे दिली ना! दुपारी दोन वाजता डॉक्टर आले. युरीन कल्चर, म्हणजे लघवीत जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी, तिच्यात इन्फेक्शन निघालं होतं. सात दिवस अँटिबायोटिक, मगच ऑपरेशन. रिपोर्ट आदल्या दिवशीच आला होता आणि दुसऱ्या काउंटरवर पडून होता.

श्राद्धाची तिथी चार दिवसांवर होती. माझं डोकंच फिरलं. “एका दिवसासाठी काढा ही पिशवी,” मी ओरडलो. सगळा वॉर्ड बघत होता.

“काढतो,” डॉक्टर शांतपणे म्हणाले. “चार तासांत कळवळत परत याल. किडनीचं काय होईल ते मी सांगू शकत नाही.”

घरी आलो तो तडफडतच. कारण पिशवी लावून पितृकार्याला बसता येत नाही हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. मी स्वतःच ते सांगितलं होतं. पाचेक वर्षांपूर्वी नामपूरहून एक काका आईच्या अस्थी घेऊन आले होते. कांद्याचा व्यापार करणारा दणकट माणूस. बाजूला घेऊन धोतर जरासं वर करून त्यांनी मला पिशवी दाखवली. “गुरुजी, हे आसं हाय. चालंल ना?”

मी म्हणालो, चालणार नाही. पुतण्याला बसवा.

पुतण्या बसला. काका मागे पाचव्या पायरीवर जाऊन बसले आणि पिंडदान संपेपर्यंत तिथून हात जोडून बघत राहिले. मला तेव्हा काहीही वाटलं नाही. वेळेत आटोपलं याचंच बरं वाटलं.

हे मी सुनंदाला सांगितलं आणि म्हणालो, “आता माझ्या चुलतभावाला बोलवावं लागेल.”

तेव्हा कुठे ती इतक्या दिवसांनी तोंड उघडून बोलली. “आई खुबा मोडून दीड वर्ष अंथरुणावर होत्या. त्यांना हीच नळी होती. सकाळ-संध्याकाळ पिशवी कोण रिकामी करत होतं? तुम्ही. हात धुवायचात आणि देवपूजेला बसायचात. तेव्हा विटाळ झाला नाही तो आता कसा होतो हो?”

मी चिडलो. तो विषय वेगळा आहे म्हणालो. चुलतभावाला फोन मात्र केला नाही.

तिथीला मी बसलो. पिशवीसकट. मंत्र सांगायला माझेच एक सहकारी आले होते. त्यांनी पिशवीकडे बघितलं आणि पोथी उघडली. पितृकार्यात डावा गुडघा जमिनीला टेकवतात. पिशवी डाव्या मांडीला बांधलेली, त्यामुळे नळी दबली आणि पंधरा मिनिटांत ओटीपोटात कळ आली. पिंड हातात होता, तो ठेवला आणि उठलो. आयुष्यात पहिल्यांदा मध्येच उठलो. नळी सरळ केली, पिशवी उजवीकडे बांधली, हातपाय धुतले, आचमन केलं, परत बसलो. आईला पाणी मीच दिलं. आणि मला रडू फुटलं, आईसाठी आणि त्या पाचव्या पायरीसाठीही.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात, दुखत काहीच नाही. दुखतं नंतर. आत सतत सलाईन सोडून मूत्राशय धुतात, पिशवीत लालभडक पाणी येतं, ते बघून घाबरू नका. मधूनच लघवीची अशी कळ येते की वाटतं नळी उपटून फेकावी. ते मूत्राशयाचं आवळणं असतं, सिस्टरांना सांगा, औषध देतात. तिसऱ्या दिवशी नळी निघाली. पहिल्या लघवीला आग आग झाली, पण धार! सात-आठ वर्षांत तशी बघितली नव्हती. काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत कॅन्सर नव्हता.

पुढचे काही आठवडे मात्र वैतागाचे. लागली की धावायचं, पोचेपर्यंत थोडी व्हायची, धोतराखाली पॅड. सहा आठवडे वजन उचलू नका असं सांगितलेलं असताना बाराव्या दिवशी मी पाण्याची बादली उचलली आणि पुन्हा लाल. डॉक्टरांनी फोनवर झाडलं ते झाडलंच, वर “पाणी पिईन, डॉक्टर, पाणी!” हे मला तीनदा म्हणायला लावलं.

बरा झाल्यावर आमच्या वह्या काढल्या. आम्ही येणाऱ्या घराण्यांची नावं गावागावाप्रमाणे लिहून ठेवतो. नामपूरच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं, ‘पुतण्याच्या हस्ते’. खाली फोन नंबर. मी लावला.

“काका, नाशिकहून गुरुजी बोलतोय. त्या दिवशी तुम्हाला बसू दिलं नाही. चुकलो मी. या, आईचं तुमच्या हातून करू.”

ते म्हणाले, “पिशवी निघाली माझी. दोन वर्सं झाली. पर त्या दिवशी आईला पानी मी द्यायचं व्हतं, गुरुजी. तो दिवस आता कुठून आणनार तुम्ही?”

“तरी या, काका,” एवढंच मी म्हणालो.

“बघू,” ते म्हणाले. “आलो तर येईन.” आणि फोन ठेवला. अजून आलेले नाहीत. माफी मागितली की सगळं फिटतं असं मला वाटत होतं. तसं नसतं.

आता मी संकल्पाआधी प्रत्येकाला सांगतो, आधी जाऊन या, मध्ये लागलं तर उठा, मी थांबतो. माझ्याशेजारी पाण्याचा तांब्या असतो. काहीजण नाकं मुरडतात. मुरडू देत.

मागच्या महिन्यात नांदगावहून एक मुलगा वडिलांना घेऊन आला. आजीचं श्राद्ध. “मीच बसतो गुरुजी,” तो हळूच म्हणाला, “बाबांना नळी लावलीय.” मी मान वर केली, तर म्हातारबाबा कुणी न सांगताच मागच्या पायऱ्यांकडे निघाले होते.

“अहो बाबा, तिकडे कुठे? इकडे या,” मी हाक मारली. ते आले आणि संकोचून धोतर सावरत उभे राहिले.

“बसा. आईचं तुम्हीच करायचं. फक्त पिशवी उजवीकडे घ्या. डावा गुडघा टेकवला की नळी दबते.”