रिपोर्ट नॉर्मल, मंग हे कशानं?

रिपोर्ट हातात दिला, की त्या बाई ‘नॉर्मल’ या शब्दावर बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, “मंग हे कशानं?”

‘हे’ म्हणजे काय, ते समोर दिसायचंच. भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर, सुजलेला चेहरा, जड झालेला आवाज. शेवंतीची एक सरी खुरपली, की बांधावर आडवं व्हावं लागायचं. तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल, जिला सगळे सांगतात, काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका.

मी शिरूरच्या एका लॅबमध्ये रक्त काढते. त्या इनामगावकडून यायच्या. दरवेळी कुणीतरी डॉक्टर थायरॉइडची तीच टीएसएच तपासणी लिहून द्यायचे आणि दरवेळी ती नॉर्मल यायची. दुसरं कुणी चिडलं असतं. यांना उलट कुतूहल.

“मॅडम, थायरॉइड गळ्यात, मंग सुई हाताला का?”

एकदा तर मशीन बघायला आत शिरल्या. “ह्ये खोटं बोलत न्हाई ना?”

“नाही हो, मावशी.”

“मीबी बोलत न्हाई. मंग हे कशानं?”

मलाही चैन पडेना.

पुढं त्या दौंडच्या एका डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी आजवर कुणीच न विचारलेलं विचारलं. बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का? नंतर दूध आलं? पाळी आली? मग टीएसएचबरोबर आणखी तपासण्या लिहून दिल्या. टीएसएच पुन्हा नॉर्मल. पण थायरॉइडचं खुद्द हार्मोन अगदी कमी. थायरॉइडला कामाला लावणारी मेंदूखालची ग्रंथी त्या बाळंतपणात रक्त गेल्यानं दुखावली होती; टीएसएच तिच्याकडूनच येतं, म्हणून एकट्या त्या आकड्यावरून काही कळत नव्हतं.

डॉक्टरांनी हे समजावल्यावर त्या लॅबमध्ये येऊन बसल्या. म्हणाल्या, “म्हंजी दूध आलं न्हाई, ते बी त्याच्यानंच?”

“हो.”

“पोरगं शेळीच्या दुधावर वाढलं. सासूबाई म्हनायच्या, हिला पोराची मायाच न्हाई. हळूहळू मलाबी तसंच वाटाय लागलं हुतं.”

गोळ्या सुरू झाल्या. चेहऱ्याची सूज उतरली, आवाज मोकळा झाला. आता त्यांच्या तपासण्या दौंडलाच होतात, आमच्याकडचं येणं थांबलं. शेवटच्या खेपेला मी विचारलं होतं, “घरी सांगितलंत का?”

“सांगितलं. दुसऱ्या दिशी सकाळी उठले, तर उशाशी गोळी आन् पान्याचा तांब्या. तवापासनं सासूबाई रोज ठिवत्यात.”