डोळे मिटून म्हटलेलं ‘आमा’

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट मनातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

तंजावूरजवळच्या ओरत्तनाडूच्या रस्त्यावर स्कूटरवरून पडल्यापासून माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं, कमरेखालचं अंग बधिर आहे. मज्जारज्जूला मार बसलाय. आज तंजावूरला त्याच्यावर एक नवा उपचार सुरू व्हायचा होता. पाठीवर अल्ट्रासाऊंडच्या लहरी सोडून तुटलेल्या नसा पुन्हा वाढतात का, हे डॉक्टर पाहतायत. गॅरंटी कुणीच देत नाही.

आधी त्याला डोळे मिटायला सांगून डॉक्टरबाई पायांना कापूस लावत होत्या. तमिळमध्ये विचारायच्या, कळतंय का? अण्णा दर वेळी म्हणायचा, "आमा." म्हणजे हो. मला रडूच आलं.

मग बाईंनी कापूस न लावताच विचारलं. अण्णा तेवढ्याच आदबीनं म्हणाला, "आमा."

बाई मला हळूच म्हणाल्या, आजची नोंद चुकली तर गुण आला की नाही, कधीच कळणार नाही.

आमच्या घरी तमिळ बाहेरच्यांशी आणि मराठी आपसांत. मी वाकून मराठीत विचारलं, "अण्णा, खरं सांग. काही कळतंय का?"

तो मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "नाही गं. तू इतक्या आशेनं बघत होतीस, म्हणून."

तपासणी पुन्हा पहिल्यापासून झाली. बाईंनी नोंदीत दोन्ही पायांपुढे शून्य लिहिलं, मग मशीन सुरू झालं.

तुमच्या घरचं आजारी माणूसही तुमच्यासाठी असं ‘हो’ म्हणतं का? अण्णाचे डोळे तर मिटलेले होते. माझं बघणं त्याला कसं कळलं?