दादाच्या चार विती

माझा मूर्खपणा मीच सांगून टाकतो, नायतर आई सांगेल आणि वर मीठमसाला लावून सांगेल. चहा घ्या तोवर.

माझा दादा गेला त्याला चार महिने झाले. टोकावड्याच्या रस्त्यावर त्याची लोखंडकामाची शेड. गेट, ग्रील, विळे, काय म्हणाल ते. मी सातवीत शाळा सोडली आणि त्याच्या हाताखाली लागलो.

जायच्या आधी त्यानं वहिनीला एक शब्द दिला होता. वहिनीची कंबर धरते, खाली बसून स्वयंपाक होत नाही. म्हणून घरातल्या मोडक्या सागवानी पलंगाचा तो उभ्याचा ओटा करून देणार होता. पलंगाचे पाय वाळवीनं खाल्लेले, पण फळ्या अजून टणक. एका फळीमागं त्यानं खडूनं लिहून ठेवलेलं: पाय, चार वीत.

ते अक्षर दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. हे काम आजच झालं पाहिजे!

टेप? होता की! पण दादा टेपाला हात लावायचा नाही. "टेप हरवतो रे, हात हरवत नाय," म्हणायचा. मग मी कशाला लावू? चार विती मोजल्या, चौकोनी सळया कापल्या, भट्टीत लाल केल्या आणि दादा द्यायचा तसा पीळ दिला. काय देखणा पीळ बसला म्हणून सांगू! फळ्या बोल्टनं आवळल्या, ओटा स्वयंपाकघरात मांडला, वर शेगडी ठेवली.

वहिनी उभी राहिली. वाकली. अजून वाकली.

"भावजी, यावर उभ्यानं रांधायचं का रांगत?"

आई दारातून म्हणाली, "गोठ्यात ने रे. वासराला गव्हाण होईल."

"ओटा बरोबर आहे!" मी तापलो. "दादाचं माप आहे ते. चुकली असंल तर जमीन चुकली!"

एकदा बोललो म्हटल्यावर माघार कशी घ्यायची? दुसऱ्या दिवशी वहिनी धसईच्या बाजाराला गेली. आमची जमीन शेणामातीची. दादाचं माप तर बदलायचं नाही. मग उरलं काय? घेतली कुदळ, आणि ओट्यापुढं वहिनी उभी राहते तिथं वीतभर खोल खणून काढलं! चांगला चौकोनी खड्डा, कडासुद्धा थापून सारख्या केल्या.

वहिनी पिशव्या घेऊन आली. खड्ड्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं.

"हे काय?"

"उतरा ना आत. आता उंची बरोबर येते."

"मला काय भाताच्या रोपासारखी लावताय? पाणी कधी सोडणार?"

आणि ती हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा! हसता हसता खाली बसली, पदर तोंडाला लावला, आणि रडायला लागली. मग मीपण.

"रडा, रडा," आई डोळे पुसत म्हणाली. "तेवढाच खड्डा भरंल."

जरा वेळानं वहिनी उठली आणि मला शेडमध्ये घेऊन गेली. भिंतीवर लाल प्रायमरचा पंजा होता. कधीतरी गेट रंगवताना दादानं बोटं फाकवून टेकवलेला.

"ठेवा त्यावर तुमचा हात."

ठेवला. चारी बाजूंनी दादा बाहेर उरला.

"चार विती खऱ्या," वहिनी म्हणाली, "पण कोणाच्या, ते तरी विचारायचंत!"

मग त्या पंजाच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सुतळी ताणली, तशी चार मापं घेतली आणि पायांना खालून तुकडे जोडले. संध्याकाळी ओटा परत जागेवर.

"या वहिनी! आता उभ्या राहा!"

वहिनी उभी राहिली. शेगडी थेट छातीशी!

म्हणजे दादाचंपण माप चुकलं?

"भावजी," ती शांतपणे म्हणाली, "ओटा उंच केलात. खड्डा बुजवलात का?"

मी घमेलं शोधायला पळालो.

"माती किती लागंल रे?" आईनं मागून विचारलं.

मी सवयीनं पंजा फाकवून पुढं केला.

"तो हात," आई ओरडली, "आधी खिशात घाल!"