सुकडीच्या खोलीतला आवाज

मला स्पॅनिश भाषेतले वीस-बावीस शब्द येतात. सगळे हुकूम आहेत. उडी मार, पळ, थांब, वर, खाली, रांग, हळू. त्या भाषेत मला पाणी मागता येत नाही की कुणाची विचारपूस करता येत नाही. पण मी 'सालता' म्हटलं की पंचवीस लेकरं एकदम उडी मारायची, आणि हे आष्टीच्या बाजूच्या एका खेड्यात घडत होतं. ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं असतील.

मी अंबडची, एकोणीस वर्षांची, मॅट्रिक होऊन त्या गावच्या बालवाडीत बाई म्हणून लागले होते. बालवाडी म्हणजे दोन खोल्या आणि पुढे अंगण. एका खोलीत लेकरं, दुसरीत सुकडीची पोती. सुकडी म्हणजे लेकरांना वाटायचं गोड भाजकं पीठ. लेकरू हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसलं की शहाणं, एवढंच मला शिक्षणाबद्दल ठाऊक होतं.

त्या वर्षी बालवाडी चालवणाऱ्या आमच्या संस्थेने स्पेनहून आलेली एक नर्स आठवड्यातून तीन दिवस आमच्याकडे पाठवायला सुरुवात केली. पन्नाशीची, उंच, साडी नेसायची पण निऱ्या दर तासाला सुटायच्या. तिला मराठी येत नव्हतं. माझं इंग्रजी यथातथाच, आणि तिचं माझ्याहून वाईट. पहिल्या दिवशी ती तासभर हातवारे करत राहिली आणि मी नंदीबैलासारखी मान हलवत राहिले. शेवटी वैतागून तिने साडी खोचली, लेकरांपुढे उभी राहिली आणि 'सालता!' म्हणून स्वतःच उडी मारली. सगळ्या लेकरांनी मारली. मीही मारली.

मग तेच चालू झालं. अंगणात चुन्याची रेघ ओढायची आणि तिच्यावरून तोल सावरत चालायचं. 'कोरे' म्हटलं की पळायचं, 'आरीबा' म्हटलं की हात वर, 'आबाहो' म्हटलं की खाली बसायचं, 'पुंतियास' म्हटलं की चवड्यांवर चालायचं. गोणपाटावर कोलांट्या, चिंध्यांचा चेंडू फेकणं आणि झेलणं. आणि सगळ्यांत आवडता खेळ 'पारा'. पारा म्हटलं की जिथे असाल तिथे थांबायचं, हूं की चूं करायचं नाही. जो हलला तो बाद.

शेजारच्या ओट्यावर बसणारे एक आजोबा रोज विचारायचे, "बाई, लेकरायला माकडं करून राह्यल्या का?"

"तुम्ही पण या, आजोबा. गुडघे मोकळे होतील," मी म्हणायचे. माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

त्या लेकरांत एक मुलगी होती, पाच वर्षांची. चांगल्या खात्यापित्या कुणब्याच्या घरची. दोन वर्षांची असताना ताप आला आणि उजवा पाय लुळा पडला. आई तिला कडेवर घेऊन यायची, मी तिला भिंतीशी बसवायचे. इतर खेळायचे, ती बघायची. यात काही वावगं आहे असं मला वाटत नव्हतं. उलट बसायला पोतं देते म्हणून मी स्वतःला मायाळू समजत होते.

बसल्या बसल्या पोरीने सगळे शब्द पाठ केले. नर्सने ते हेरलं आणि हुकूम द्यायचं काम तिच्याकडे दिलं. ती भिंतीशी बसून ओरडायची आणि गावची धडधाकट पोरं तिच्या शब्दावर उड्या मारायची. 'पारा'त तर तिला कुणी हरवू शकत नसे. डोळ्याची पापणीसुद्धा लवायची नाही तिची.

पण नर्सला तेवढ्यावर समाधान नव्हतं. तिने दोन लांब बांबू आणवले, अंगणात खुंट पुरून कमरेएवढ्या उंचीवर समोरासमोर बांधले, आणि मुलीला मधे उभं केलं. पोरीने दोन्ही हातांनी बांबू धरले. 'आरीबा.' पोरगी उभी राहिली, पाय लटलटला, पडली. पुन्हा आरीबा. पुन्हा पडली. मला बघवेना. मी तिला उचलायला गेले तर नर्सने माझ्या हातावर चापटी मारली. दिवाळीच्या सुट्टीआधी पोरगी बांबू धरून पाच पावलं चालली. 'लेंतो, लेंतो,' नर्स म्हणत होती, म्हणजे हळू, हळू. पोरीची आई दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. तो दिवस माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला दिवस होता.

संक्रांतीनंतर नर्सची आई तिकडे आजारी पडली आणि तिला जावं लागलं. निघताना तिने माझ्या हजेरीवहीच्या मागे एक चित्र काढलं. एक पाय, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या रेघा, खाली बूट. मग मुलीकडे बोट दाखवलं, मग रस्त्याकडे. कुणीतरी येणार आहे, एवढं मला कळलं. चित्रातल्या रेघा मला आमचे बांबूच वाटले. आमच्या दोघींत जे शब्द होते, त्यांत हे सांगणारा एकही नव्हता.

दोन महिन्यांनी परतूरहून आमच्या सुपरवायझर बाई आल्या. परवा पाहुणे येणार, फॉरेनचे, म्हणाल्या. तयारी जी व्हायची ती झाली. तोरण, रांगोळी, नारळ, कपबश्या सरपंचांच्या घरून. शाळेतली पहिलीची दहा चुणचुणीत पोरं उसनी आणली. पाहुण्यांपुढे चांगलं तेवढंच ठेवायचं ही आमच्याकडची रीत, मग पोरगी बघायला येवोत की शाळा तपासायला.

"धडधाकट लेकरं पुढं बसवा. ती लंगडी कामून आणली? पाहुण्यायला काय दाखवायचं ते?" पाहुणे यायच्या दिवशी सकाळी सुपरवायझर बाई म्हणाल्या.

मुलीच्या आईने तर स्वतःच मान हलवली. "खरंय. चारचौघांत कशाला? उद्या तिचं लगीन करायचं हाय."

ज्या जिभेचा मला एवढा तोरा, ती त्या दिवशी टाळ्याला चिकटली. मी मुलीला उचलून सुकडीच्या खोलीत पोत्यावर बसवलं, हातात मूठभर सुकडी दिली आणि दार लोटलं.

जीप आली. एक गोरा म्हातारा आणि सोबत हिंदी बोलणारा एक तरुण. आमचा कार्यक्रम सुरू झाला. सालता झालं, कोरे झालं, आणि घाबरून पुढचा शब्दच मला आठवेना. लेकरं माझ्या तोंडाकडे बघत उभी. तेवढ्यात बंद दारामागून खणखणीत आवाज आला, "पुंतियास!" सगळी लेकरं चवड्यांवर उभी राहिली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

म्हाताऱ्याने दाराकडे बघून त्या तरुणाला काही विचारलं. तरुण मला म्हणाला, "सिस्टर की चिट्ठी में लिखा था, यहाँ एक लडकी है, पैर कमजोर है. उसका नाप लेना है. वो कहाँ है?"

प्रश्न मला पूर्ण कळला. इथे भाषेची सबब चालायची नाही. जीपच्या सीटवर उघडी बॅग होती, तिच्यातून चामड्याचे पट्टे आणि लोखंडी सळ्या बाहेर डोकावत होत्या. दोन रेघा आणि बूट. चित्रही मला त्याच क्षणी कळलं: लुळ्या पायाला आधार म्हणून बांधायच्या सळ्या. सुपरवायझर बाई माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. दार उघडलं तर लेकरू सुकडीच्या पोत्यावर कोंडलेलं दिसणार होतं, आणि कोंडणारी मी होते.

"वो लोग गाँव छोड के गए," मी म्हणाले.

"और वो आवाज?"

"सुकडी बाँटनेवाली की लडकी," सुपरवायझर बाई म्हणाल्या. "शरमाती है."

दारामागून पुन्हा आवाज आला नाही. पाहुण्यांनी चहा घेतला, लेकरांना गोळ्या वाटल्या आणि जीप गेली. दार उघडलं तेव्हा पोरगी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती. सुकडी सांडली होती. मला वाटलं, ती घाबरली.

पत्र लिहून खरं सांगता आलं असतं. पाहुण्यांचा इथल्या मुक्कामाचा पत्ता ऑफिसात होता. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड. मी लिहिलं नाही. आज लिहीन, उद्या लिहीन करत पावसाळा आला, बांबू कुणीतरी मांडवाला नेले, आणि पोरगी आईच्या कडेवर मावेनाशी झाली तशी यायची थांबली. पुढे माझं लग्न झालं आणि मी जुन्या जालन्यात आले. माझ्या स्वतःच्या लेकरांना मी कधी सालता म्हटलं नाही.

सोळा-सतरा वर्षांनी एका लग्नासाठी त्या गावी गेले. ती मुलगी घराच्या ओट्यावर हाताच्या शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होती. मला बघून हातांत चपला घातल्या आणि हातांवर रेटत रेटत माझ्यापर्यंत आली. "बाई!" म्हणाली. चहा आणवला. लग्न झालं नव्हतं. वहिनी बरी आहे, म्हणाली.

मला राहवेना. मी म्हणाले, "त्या दिवशी पाहुणे तुझ्या पायाचं माप घ्यायला आल्ते. मी त्यांच्याशी खोटं बोलले."

"माहीत हाय की. दार केवढंसं होतं. गाव सोडून गेले म्हणल्या तुम्ही, मी ऐकलं." ती दोरा दाताने तोडत होती. "मंग मला वाटलं, आता माझा आवाज आला तर बाई खोट्या पडतील. म्हणून तोंड दाबून बसले. जीप जाईस्तोर हलले न्हाई. पाराच्या खेळात बसायचे ना, तशी."

मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बराबर बसले होते ना, बाई?"