मामीच्या ताब्यातलं पाणी

पाण्यावर माझ्या मामीइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि बहुधा म्हणूनच तिच्या गावाचं पाणी तिच्या ताब्यात आहे. गाव चांदवड तालुक्यातलं, कांद्याचं. मामी तिथल्या पाणी समितीची अध्यक्ष. समितीतल्या पाचहीजणी बायकाच, कारण कागदावर बायका हव्यात असं वरून आलं होतं. ग्रामसेवक पहिल्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही फक्त सही करायची." चौथी शिकलेल्या मामीने कागद घेतले आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. चार पानांना दुपार गेली. ग्रामसेवक ओट्यावर बसून राहिले. शेवटी मामी म्हणाली, "यात लिवलंय, टाकी धुवायची न पाणी तपासायचं काम समितीचं. मग आजवर कोण करत व्हतं?" ग्रामसेवकांनी चहा मागितला. त्या दिवसापासून टाकी मामीची झाली.

तेव्हापासून तिच्या कमरेच्या पिशवीत एक काचेची नळी आणि औषधाची बाटली असते. नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर त्यात जंतू मारायची पावडर आहे. नाही झालं, तर मामीच्या लेखी ते पाणीच नव्हे. नातेवाइकांत ती कुणाकडेही गेली की आधी पाणी तपासते, मग ख्यालीखुशाली विचारते. आमच्या नाशिकच्या घरी सत्यनारायण होता. गुरुजींनी तिच्या हातावर तीर्थ दिलं. मामीने ते तळहातावरून नळीत सोडलं, उजेडात धरलं आणि शांतपणे सांगितलं, "गुरुजी, यात पावडर नाय."

"बाई, हे तीर्थ आहे," गुरुजी म्हणाले.

"म्हणून तर तपासलं. साधं पानी असतं तर उकळून घेतलं असतं."

प्रसाद वाटून व्हायच्या आत ती आमच्या पाच मजली इमारतीच्या गच्चीवर होती. टाकीला झाकण नव्हतं आणि आत एक कबुतर बऱ्याच दिवसांपासून मुक्कामाला असावं, असं तिने खाली येऊन सर्वांसमक्ष सांगितलं. प्रसाद घेत असलेले सोसायटीचे चिटणीस उठून गेले. झाकण दुसऱ्या दिवशी बसलं. माझ्याशी मात्र ते अजून बोलत नाहीत.

तिची दुसरी वस्तू म्हणजे व्हॉल्व्हची चावी. चावी म्हणजे छातीइतक्या उंचीची लोखंडी सळई, वर आडवी मूठ. ही फिरवली की गावात पाणी सुटतं. मामी ती घरी ठेवत नाही, कारण घरी मामा असतात आणि मामांना कुणाला नाही म्हणता येत नाही. त्यामुळे चावी तिच्याबरोबर एसटीने चांदवडला येते, दवाखान्यात येते, एकदा मनमाडला मामेभावासाठी मुलगी बघायलाही आली होती. मुलीकडच्यांनी चावी कोपऱ्यात उभी करून ठेवली आणि तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. सोयरीक जमली.

हे सगळं हसण्यावारी नेणं गावाला दोन वर्षांपूर्वीपर्यंत जमत होतं. मग माजी सरपंचांच्या मुलीचं लग्न आलं. हळदीच्या सकाळी मामीने त्यांच्या वरच्या आळीचं पाणी तपासलं, ते पिवळं होईना. टाकीतलं पाणी पिवळं, आळीतलं पांढरं. म्हणजे वाटेत कुठेतरी घाण आत येऊन पावडर खात होती. मामीने त्या आळीचा व्हॉल्व्ह बंद केला. तासाभरात माजी सरपंच चार माणसं घेऊन आले. तेव्हा मामी आणि समितीच्या चौघीजणी व्हॉल्व्हच्या झाकणावर बसलेल्या होत्या. एक लसूण सोलत होती.

"वहिनी, पाहुणे येऊन राहिले. चावी द्या."

"पाहुण्यांलाच पाजायचं म्हणून बंद केलं, भाऊजी."

"माझ्या दारात मांडव हाय. ही काय येळ हाय का?"

"जुलाब लागायला येळ लागत नाय."

त्या चार माणसांपैकी एकाने चावीला हात घातला. मामी उठली नाही. एवढंच म्हणाली, "आधी उकरा. माझं चुकलं तर समितीवरून उतरते, न परत टाकीकडं फिरकत नाय." मग उकरलं. दुपारपर्यंत चर माजी सरपंचांच्याच घराशी येऊन थांबला. त्यांनी मुख्य लाइनला परस्पर मोटर जोडली होती. तिचा सांधा गटाराखाली होता. मोटर चालू झाली की ती पाण्याबरोबर गटारही ओढायची, आणि ते सगळ्या आळीत जायचं.

मामीने सरपंचांना काही सुनावलं नाही, आणि गावाला त्याचंच जास्त आश्चर्य वाटलं. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "चला, पोरीचं लगीन हाय." त्या पाचजणींनी शाळेच्या हातपंपावरून हंडे भरभरून मांडवात पिंपं भरली, त्यात पावडर टाकली, आणि अर्ध्या तासाने मामीने नळी उजेडात धरली. सरपंचांनी मोटर स्वतःच्या हाताने काढली. पंगतीला त्यांनी समितीला पहिल्या रांगेत बसवलं आणि मामीला स्वतः पाणी वाढलं. मामीने थेंब टाकून पाहिले, मगच ती जेवली. सरपंच तोवर तांब्या धरून उभे राहिले.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. मामी मला ओढ्यापलीकडच्या जुन्या विहिरीवर घेऊन गेली. नळ यायच्या आधी गाव तिथून पाणी भरायचं. आता विहिरीवर जाळी टाकली आहे आणि वाटेवर गवत माजलं आहे. मामी काठाच्या दगडावर बसली. दोऱ्यांनी त्या दगडाला खाचा पडल्या आहेत.

"नळ आला ते ब्येस झालं," ती म्हणाली. "माझी मान गेली हंड्यांनी. पन इथं रोज आमी वीस-पंचवीस जणी भेटायचो. कोणाला दिवस गेले, कोणाला नवरा मारतो, समदं इथंच कळायचं. आता पाइप कुठं गळतो ते मला घरबसल्या कळतं, बायांचं काय चाललंय ते नाय कळत."

"मग जात जा ना त्यांच्या घरी," मी म्हणालो.

"काय काम सांगून जाऊ?" ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवून हळूच उठली.